बाक करायचाय, फळीला बाक नको

अकरा आठवडे झाले आणि बाकाचा एकही सांधा अजून झालेला नाही. तरीही नोंद लिहितेय, कारण या अकरा आठवड्यांत लाकडाने जे शिकवलं ते रंध्याने कधी शिकवलं नव्हतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. वखारीत ‘सीडर’ मागितलं की काहीही समोर येऊ शकतं. आपला देवदार हा खरा सीडर, सेड्रस प्रजातीतला. वेस्टर्न रेड सीडर म्हणून विकतात तो थुजा, म्हणजे सायप्रसच्या गोतावळ्यातला. पेन्सिली आणि कपड्यांच्या पेट्या ज्याच्या करतात तो ईस्टर्न रेड सीडर तर चक्क जुनिपर. तिघांचा वास वेगळा, वजन वेगळं. मला थुजाच हवा होता: घनमीटरला साधारण ३७० किलो, सागाच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. बाक एकटीला उचलता यायला हवा.

वखार

नऊ फळ्या घेतल्या, ६ फुटी, १५० मिमी रुंद, ४० मिमी जाड. निवडायला दोन तास लागले. वखारवाले पहिला अर्धा तास सोबत उभे होते, मग कंटाळून आत गेले. त्यांचा दोष नाही. मी प्रत्येक फळी टोकाशी धरून, एक डोळा मिटून, बंदुकीचा नेम धरल्यासारखी बघत होते. पीळ असा लगेच दिसतो. फळी जमिनीवर सपाट ठेवून कळेलच असं नाही.

खरी माहिती मात्र फळीच्या टोकाला असते. तिथल्या वर्षकड्या, म्हणजे झाडाच्या दरवर्षीच्या वाढीची वलयं, रुंद बाजूला काटकोनात उभ्या असतील तर ती फळी आधी घ्यायला बाजूला काढा. सीडर कड्यांच्या दिशेने आकसतो साधारण ५ टक्के, कड्यांना आडवा जेमतेम अडीच. आडव्या कमानीसारख्या कड्या दिसल्या, तर वाळताना त्या सरळ व्हायला बघतात आणि फळीची सालीकडची बाजू खोलगट होते. बाक करायचाय, पण फळीला बाक नको. गाठींचं म्हणाल तर आजूबाजूच्या लाकडात मुरलेली तांबूस गाठ चालते. भोवती काळी कड असलेली गाठ आज ना उद्या निखळून पडते आणि तिथे बोट जाईल एवढं भोक राहतं. कडेचा पांढरट पट्टा मी मुद्दाम टाळला, कारण सीडर कुजत नाही ही ख्याती फक्त आतल्या तांबूस लाकडाची आहे.

“वाळलेलं आहे ना?” या प्रश्नाला कोणत्याही वखारीत “हो”च येतं. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम काट्याचं.

काटा

एका फळीच्या टोकापासून फूटभर आत एक पातळ काप घेतला. टोकाचा नाही घेतला, टोकं नेहमी जास्त सुकलेली असतात. वजन ६३ ग्रॅम. ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. शेवटी ५० ग्रॅम. म्हणजे १३ ग्रॅम पाणी, भागिले ५०: २६ टक्के ओलावा. “वाळलेलं” म्हणे!

आता त्याच फळीचा उरलेला लांब तुकडा भरला ४.५४ किलो. त्याला १.२६ ने भागलं की कोरडं वजन ३.६०. उघड्यावरच्या बाकाला मी १४ टक्के धरले, तेव्हा हा तुकडा ४.१० किलोवर आला की करवत हातात घ्यायची. ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया टोचत बसण्यापेक्षा मला हा हिशेब आवडतो.

थप्पी

पाऊस न लागणारी, ऊन न येणारी पण वारा खेळता राहील अशी जागा निवडली. खाली तीन ठोकळे समतळात लावले, त्यावर फळ्यांचे थर आणि दोन थरांमध्ये २० मिमी जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दर ४५ सेंटिमीटरवर. पट्ट्या एकाखाली एक, ओळंब्यात यायला हव्यात. मी एका जागी चार बोटं सरकवून ठेवली होती; त्या फळीला तिथेच पोट आलं. वरच्या थरावर वजन ठेवायलाही चार दिवस उशीर केला. तिथली एक फळी खोलगट झाली ती झालीच. तिच्या आता अरुंद पट्ट्या निघतील.

टोकांना त्याच संध्याकाळी मेण लावलं. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात झपाट्याने निघतं, मग टोक आधी आकसतं आणि फाटतं. एका टोकाला मेण लावायचं राहिलं. चीर किती लांब गेली? बोटभर.

दुसरी चूक जास्त बोचरी. ओलसर फळीवर लोखंडी शिकंजा रात्रभर राहिला आणि सकाळी शाईसारखा निळा-काळा डाग. सीडरमधलं टॅनिन आणि लोखंड भेटले की हेच होणार. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने डाग गेला (हातमोजे घाला, ते विषारी आहे). बाकाला स्क्रू मात्र आता स्टेनलेसचेच.

लाकूड इतकं मऊ की नखाचाही वण उठतो. माझ्या हातून पक्कड पडली आणि खळगा झाला. त्यावर ओला फडका ठेवून गरम इस्त्री टेकवली, वाफेने दबलेले तंतू फुगले, खळगा भरला. दोनदा करावं लागलं. तंतू तुटले असतील तर हा उपाय चालत नाही.

भुशाबद्दल मात्र थट्टा नाही. या लाकडातल्या प्लिकॅटिक ॲसिडमुळे सुतारांना दमा जडल्याचं नीट नोंदलेलं आहे. वास कितीही छान असो, कापताना मास्क लावा.

आत्ता

लांब तुकड्याचं वजन: पहिल्या आठवड्यानंतर ४.४१, चौथ्यानंतर ४.२५, आठव्यानंतर ४.१४. गेले तीन आठवडे ४.११, ४.१०, ४.१०.

वार्निश लावणार नाही. उन्हापावसात त्याचा पापुद्रा सुटतो आणि मग खरवडत बसा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबून जवसाचं तेल, आणि तेलाचे फडके चुरगाळून न टाकता पसरून वाळत घालायचे. गोळा करून ठेवले तर आपोआप पेटू शकतात. तेलानंतरही रंग हळूहळू राखाडी होईल. मला तो चालतो.

उद्या पायांचे तुकडे कापतेय.