सगळं परत का वदवून घेता?

"सिस्टर, ऐकलं ना आम्ही, मग परत आमच्याच तोंडून का बोलून घेता?" बाळाला दवाखान्यातून घरी सोडताना औषध कसं द्यायचं ते मी सांगते आणि त्यांच्याकडून वदवून घेते, तेव्हा आईबाप हमखास विचारतात. काहींना तो अपमान वाटतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. जुलाब झालेल्या आठ महिन्यांच्या बाळाच्या आईला मी ओआरएसची पाकिटं दिली. म्हटलं, "एक पाकीट पाण्यात कालवा आणि थोडं थोडं पाजा." तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बाळ परत आलं, मलूल, तहानेने कासावीस. एक लिटरचं पाकीट तिने पेलाभर पाण्यात कालवलं होतं. "किती पाण्यात, ते तुम्ही कुठं सांगितलंत?" खरंच सांगितलं नव्हतं. पाकिटावर होतं, पण बारीक इंग्रजी अक्षरात. इतकं दाट पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम वाढतं, तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात. ते बाळ सुदैवाने बरं झालं. तिचं वाक्य मला अजून ऐकू येतं.

हा अडाणीपणाचा प्रश्न आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. एका इंजिनिअर बापाचा फोन आला होता, "तापाचं औषध मागच्यासारखंच साडेतीन मिली ना?" मागच्या वेळी सिरप होतं, पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. या वेळी हातात ड्रॉप्स, एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम. त्याच्या सहा किलोच्या बाळाला डॉक्टरांनी ०.९ मिली लिहून दिलं होतं. जवळपास चौपट औषध गेलं असतं. नाव तेच, खोकं तसंच, कोण नाही फसणार?

"समजलं का?" हे मी विचारतच नाही. सासू शेजारी उभी असताना कोणती सून नाही म्हणेल? त्याऐवजी म्हणते, "घरी गेल्यावर हे सासूबाईंना कसं सांगशील, ते मला सांग." अडखळली तर माझं सांगणं कमी पडलं, मी पुन्हा सांगते. लिटरची बाटली हातात देते, ड्रॉपरवर पेनने रेघ मारते. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायच्या असतात. बहुतेक घरांत त्या तिसऱ्या दिवशीच बंद होतात, म्हणून कॅलेंडरवर चौदा खुणा करायला लावते.

आणि बोलता बोलताच खरी शंका बाहेर पडते. परवा एक आई सगळं नीट सांगत होती, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, अख्खं पाकीट, उरलेलं चोवीस तासांनी ओतून द्यायचं. मग थांबली.

"पण सिस्टर, पाजलेलं ओकून टाकलं तर?"

दहा मिनिटं थांबायचं. मग पुन्हा चमच्याचमच्याने, आधीपेक्षा सावकाश.