अखेर काळा आयरिस फुलला!

मे संपता संपता आमच्या न्यू जर्सीच्या अंगणात आज ‘बिफोर द स्टॉर्म’ उमलला एकदाचा. गडद आयरिसांमधली ही नावाजलेली जात. आयरिसांच्या नव्या जाती तयार करणाऱ्या स्टर्लिंग इनर्स्ट यांनी १९८९ मध्ये आणली, १९९६ मध्ये डाइक्स मेडल हा आयरिसांसाठीचा मानाचा पुरस्कारही मिळाला तिला.

काळं म्हणतात, पण पाकळी उन्हासमोर धरा, कडेला सरळ जांभळा रंग दिसतो. रंगद्रव्यच इतकं दाट की लांबून काळंकुट्ट वाटतं. कोमेजलेलं फूल खुडलं तर बोटंही जांभळी होतात, तेव्हा पांढरा कुर्ता घालून जाऊ नये हे बरं.

कंद दिसायला थेट आल्यासारखा. खोल पुरायचा नाही. पाठ उन्हाला उघडी हवी, खाली पाणी साचलं की कुजलाच. लागवड उन्हाळ्याच्या शेवटी. बाकी नखरे फार नाहीत, गुलाबापेक्षा तर खूपच कमी.

सध्या आई इथे आलीय. सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्यापाशी उभी. म्हणाली, “अगं, हे असलं काळं फूल देवाला कसं वाहायचं?”

“नकोच वाहूस. एकेक फूल जेमतेम दोन-तीन दिवस टिकतं, मला बघू दे की!”

थोडं थांबून म्हणते, “शनीला चालेल हो, शनिवारी बघू.”