बारा मोटेची विहीर: अखेर मोट रिकामी झाली (बाल्कनीत)

लोकहो, झालं एकदाचं. काल रात्री पावणेबाराला आमच्या बाल्कनीत मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतलं पाणी वर ओढायची कातड्याची पिशवी, चालली. जुन्या जीन्सच्या पायाची का असेना, पण खाली बादलीत बुडली, भरली, वर आली, सोंड (मोटेची पाणी ओतायची नळी) आपोआप पुढे सरकली आणि सगळं पाणी थारोळ्यात (मोटेचं पाणी पडायची जागा), म्हणजे इथे आईच्या परातीत, धबाक्कन पडलं. मधे कुणी हात लावला नाही. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या दोन चादरी भिजल्या, त्यावर नंतर येते.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या या विहिरीवरची माझी छोटी फिल्म तीन महिने, मोट कशी चालते त्याच चाळीस सेकंदांवर अडकलीय हे तुम्हाला ऐकून ऐकून पाठ झालं असेल. बाकी माल सगळा हातात होता. जिना, शरभ (दगडात कोरलेला काल्पनिक प्राणी), वरचा छोटा महाल, शिलालेख, शके 1641 ते 1646 म्हणजे 1719 ते 1724, विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली, 110 फूट खोल, 50 फूट व्यास, 3300 आंब्यांच्या आमराईला पाणी. हे आकडे प्रत्येक रीलमध्ये असतात, मागे तीच बासरी आणि ड्रोन हळूहळू वर जातोय, शिवलिंगाचा आकार दिसतो, संपलं. पण एवढं पाणी 110 फुटांवरून वर यायचं कसं हे कुणीच दाखवत नाही, आणि ते दाखवलं नाही तर नावातली 'मोट' कळणार कशी? माझ्या भाच्याला विचारलं मोट म्हणजे काय, तर म्हणाला मोठी बादली. बादलीच असती तर ती वर आल्यावर ओतायला तिथे माणूस लागला असता की. गंमतच ती आहे, ओतायला कुणी नसायचं.

मागच्या वेळी ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्या पूर्वी मोट चालवलेल्या आबांचा इंटरव्ह्यू आठवतोय ना? तो गेला. पूर्ण गेला. पंचेचाळीस मिनिटं माणूस तल्लीन होऊन बोलला आणि घरी येऊन ऐकते तर कॉलर माइक कोपरीवर घासत होता, प्रत्येक वाक्यात खर्रर्र खर्रर्र, आणि मागे शेजारच्या मळ्यातली मोटर. हेडफोन लावून न ऐकता रेकॉर्डिंग करणारीला काय शिक्षा द्यावी ते तुम्हीच सांगा. ज्या दुकानदाराने हा वायरलेस सेट 'यूट्यूबर लोक हाच घेतात' म्हणून गळ्यात मारला त्याचं नाव नाही घेत, पण बाराशे रुपयांत दोन माइक मिळतायत म्हटल्यावर मलाच कळायला हवं होतं. आता छोटा हँडी रेकॉर्डर आबांच्या पुढ्यात, उशीवर, त्याला केसाळ टोपी, बास. फ्रेममध्ये आला तर येऊ दे.

तर परत गेले. आबा दुसऱ्यांदा तेच सांगायला तयार, पण मोटेवरचं गाणं म्हणा म्हटलं तर ठाम नकार. "आगं, बैलं न्हाईत म्होरं, कुनासाठी म्हनू?" मग मला वाटलं बैलच आणावेत. गावात एकाकडे शर्यतीची खोंडं आहेत, मालक हसायलाच लागला, म्हणाला ही पुढं पळायला शिकलीत, मागं कोण सरकवणार. आणि तिथे माझी ट्यूब पेटली, की मोटेच्या बैलाचं खरं कसब तेच होतं. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीच्या काठापासून उतरत जाणाऱ्या त्यांच्या वाटेवरून, खाली जाताना मोट वर येते ते सगळ्यांना सुचतं, पण मोट परत विहिरीत सोडायला बैलांना तीच धाव पाठमोरं चढून यायला लागायचं. दिवसभर. खाली जाताना मोटकरी नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसायचा, तेवढंच त्याचं वजन कामी यायचं. हे आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खर्रर्रमध्ये मलाच ऐकू आलं नव्हतं.

बैल नाहीत, मग मॉडेल. कातड्याऐवजी जीन्स (वर कंबर, एक पाय शिवून बंद, दुसरा पाय म्हणजे सोंड), वरचं चाक म्हणून पडद्याची कप्पी, खालचा रूळ म्हणून लाटणं, आणि दोन दोऱ्या. जाड तो नाडा, मोटेला. बारीक तो सोंदूर, सोंडेच्या टोकाला. दोन्ही एकाच जुवाला बांधायच्या, म्हणजे माझ्या हातातल्या झाडूच्या दांड्याला. सोपं वाटतं ना? आठ रात्री गेल्या. पहिल्यांदा सोंदूर लांब झाला, सोंड लोंबकळली, मोट वर येईपर्यंत निम्मं पाणी वाटेतच. आखूड केला तर सोंड आधी ओढली जाऊन मोटच तिरकी. मग लांबी जमली तरी वर येऊन नुसती लटकून राहायची, पाणी बाहेर पडायलाच तयार नाही. मी कप्पी बदलली, जीन्स बदलली (भावाची, त्याला अजून माहीत नाही), शेवटी वैतागून आबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी दोन सेकंद बघितलं. "पोरी, त्ये लाटनं चाकाच्या बरोबरीला कशापायी बांधलंस? खाली घे की त्येला, थारोळ्याच्या काठाला."

बास एवढंच. लाटणं दीड फूट खाली बांधलं. येताना सोंड दुमडून मोटेच्या तोंडाच्या वर उभी राहते म्हणून सांडत नाही, वर आल्यावर मोट चाकाकडे चढतच राहते पण सोंड मात्र खालच्या रुळावरून पुढे ओढली जाते, म्हणजे सोंडेचं तोंड मोटेच्या खाली जातं आणि पाणी आपलं आपण मोकळं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा जमवलं त्याला दंडवत. मी सलग सहा वेळा ओतून बघितलं. सहाव्या वेळी चादरी.

बारा की पंधरा हा वाद परत उकरू नका प्लीज. विहिरीच्या नावात बारा मोटा, पण पंधरा मोटांची जागा आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मी तीनदा मोजल्या, तीनदा वेगळा आकडा आला, कारण काठावर कायम कुणीतरी फोटोला उभं. आबांचं म्हणणं बारा म्हणजे पुष्कळ, बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतो तसं. मला पटतं, पण पुरावा नाही, तेव्हा फिल्ममध्ये ते आबांच्याच तोंडी राहील. भुयाराचंही तसंच. चहाच्या टपरीवर साताऱ्याच्या किल्ल्यापर्यंत जाणारं भुयार मिळालंच, माझ्या यादीतलं हे अकरावं. आणि विरूबाईंना सरसकट 'महाराणी' म्हणणारी ओळ मी काढतेय. शाहू महाराजांच्या राण्या म्हणून सकवारबाई आणि सगुणाबाईंची नावं येतात. 'विरूबाईंनी बांधली' एवढं म्हटलं तरी त्यांचं काही कमी होत नाही.

खरं तर इथे अपडेट संपणार होतं, पण हे टाइप करताना रेकॉर्डिंग परत ऐकत होते आणि आतापर्यंत जे डिस्टर्बन्स म्हणून कापत होते तेच नीट ऐकलं. आबा बोलताना स्वयंपाकघरातून आजी सारख्या मधे बोलतायत. "त्येंला काय म्हाईत, त्ये मोटंवर, दारं मी धरायची." म्हणजे पाटाच्या दुसऱ्या टोकाला खोरं घेऊन आजी. तिथून मोट दिसायची नाही. थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज आला की पाय पाटात ठेवायचा, पाण्याचा लोट पायाला लागला की वाफ्याचं दारं मोडायचं. आवाज यायला उशीर झाला की समजायचं, बैल दमला नाहीतर नवरा बिडी पितोय.

आता मला अख्खी फिल्म उलटी करायचीय. विहिरीपासून सुरुवातच नको, कोरड्या पाटापासून करू, पाय दाखवू, आवाज येईल, पाणी येईल, मग त्या पाण्याच्या उलट दिशेने चालत जाऊन लिंबची विहीर. आजींचा मळा वेगळा, विहीर वेगळी, तेव्हा पट्टीवर तसं स्पष्ट लिहीन, नाहीतर कमेंटमध्ये तुम्हीच सोलून काढाल. चार मिनिटांत बसेल का माहीत नाही, ड्रोनचा शॉट गेला तरी चालेल. मेणवलीच्या घंटेचं शूट त्यामुळे एक महिना पुढे, सॉरी.

आजींना फोन केला होता, रविवारी येऊ का विचारायला. म्हणाल्या भाकरी झाल्यावर ये, आणि त्या ह्यांना आधी बाहेर पाठव.