टेपखालची टेप

रात्रपाळीत धातू दाबून आकार देणाऱ्या एका प्रेसवर गार्डचा, म्हणजे संरक्षक दाराचा, सेन्सर बायपास केलेला सापडला आणि सकाळी मी कारखान्यात पोचेपर्यंत ऑपरेटरच्या निलंबनाचं पत्र टाइप होऊन तयार होतं. फक्त सही बाकी. चौकशी अजून व्हायची होती.

प्रेसचं पुढचं दार उघडं असताना रॅम, म्हणजे वरून दाब देणारा जड भाग, खाली येऊ नये म्हणून चौकटीवर सेन्सर असतो आणि दारावर त्याचा चुंबक. दार लागलं की चुंबक सेन्सरसमोर येतो आणि मशीन चालू होतं. कुणी सुटा चुंबक सेन्सरवर चिकटवून ठेवला, तर दार सताड उघडं असलं तरी मशीनच्या लेखी ते बंदच. मग हात डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, असतानाही रॅम येऊ शकतो. बोटं जातात, कधी अख्खा पंजा. म्हणून सुरक्षा अधिकारी या नात्याने मी हा प्रकार किरकोळ मानत नाही.

पत्र बाजूला ठेवायला सांगून मी आधी मशीनवर गेलो. चुंबक काळ्या इन्सुलेशन टेपने चिकटवलेला होता. टेपच्या कडा उचलल्या गेल्या होत्या आणि त्या चिकट कडांवर तेल आणि लोखंडाचा बारीक कीस बसून घट्ट थर झाला होता. एका रात्रीत असा थर बसत नाही. नखाने टेप सोडवली तर खाली आणखी एक टेप, पिवळी, वाळून तडकलेली. म्हणजे पहिली टेप सैल झाल्यावर कुणीतरी तिच्यावर दुसरी लावली होती. हे मशीन तिन्ही पाळ्यांत चालतं. सापडला तो एकटा.

चौकशीत त्या पोराने काहीच नाकारलं नाही. "दार उघडं ठेवूनच चालवत होतो," म्हणाला. का, असं विचारल्यावर आधी गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, दार लावलं तरी मशीन मधेच ट्रिप होतं. दाराची बिजागरी झिजलीय. रजिस्टरला लिहिलंय, बघा." मेन्टेनन्सचं रजिस्टर मागवलं. तीच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा लिहिलेली होती आणि प्रत्येक नोंदीखाली सुपरवायझरची सही होती. 'काय कारवाई केली' हा रकाना सगळीकडे कोरा.

प्रॉडक्शन मॅनेजरचं म्हणणं तरीही एकच: जरब बसली पाहिजे, एकाला घरी पाठवला की बाकीचे सरळ होतील. या विचारात तथ्य नाही असं नाही. शिक्षेची भीती माणसाला आवरते, पण कुठली भीती? शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती नक्की होणार आहे का, यावर धाक ठरतो, हे बेकारिया या इटालियन विचारवंताने 1764 मध्येच मांडलं होतं. आमच्याकडे ती नक्की नव्हतीच. महिनोन् महिने सगळे कानाडोळा करत होते आणि एका रात्री एकाची पाळी आली. यातून माणूस नियम शिकत नाही, सापडायचं कसं नाही ते शिकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढाच अर्थ बाकीच्यांनी घेतला असता.

मी बैठकीत ग्रीनबर्ग या अमेरिकन संशोधकाचं उदाहरण दिलं. त्याचा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. एका कंपनीने आपल्या दोन कारखान्यांत पगार तात्पुरता 15 टक्क्यांनी कापला. एका ठिकाणी कारण नीट समजावलं, प्रश्नांना उत्तरं दिली, झाल्या प्रकाराबद्दल खेद दाखवला. दुसरीकडे चार शब्दांत उरकलं. दुसऱ्या कारखान्यात चोरी कितीतरी जास्त वाढली. कपात दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता तो माणसांना कसं वागवलं याचा. मॅनेजर म्हणाले, "इथे चोरीचा विषय नाही." मला वाटतं, माणसांना कसं वागवलं हा विषय इथेही तोच होता.

दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी ठरलं ते असं: आधी बिजागरी बदलायची आणि सेन्सर जागेवर बसवायचा, तोवर मशीन बंद. ऑपरेटरला लेखी ताकीद, कारण बोटं त्याचीच जाणार होती आणि त्याला ते माहीत होतं. तशीच ताकीद सुपरवायझरला आणि मेन्टेनन्सच्या प्रमुखालाही. मॅनेजरना सर्वात जड गेलं ते हे शेवटचं. निर्णय आणि त्यामागची कारणं तिन्ही पाळ्यांना वाचून दाखवायची, हा माझा आग्रह होता. रजिस्टरच्या नोंदींसकट वाचली. सुपरवायझरचं नाव आलं तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज एकदम थांबली.

ऑपरेटरने ताकीदपत्र दोनदा वाचलं आणि सही केली. युनियनकडे गेला नाही.

पुढच्या आठवड्यात लोक आपणहून सांगायला येऊ लागले. अमुक लाइनवर इमर्जन्सी बटण अडकतं, तमुक मशीनच्या गार्डचे बोल्ट काढून ठेवलेत. एकाने तर स्वतःच्या मशीनवरचा चुंबक काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आता याचं काय करायचं ते तुम्ही बघा, पण सेन्सर आजच दुरुस्त करून द्या." त्याच दिवशी करून दिला. तेवढं आमच्याकडून झालं नसतं, तर दुसरा चुंबक आला नसता.

सगळं सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. काही महिन्यांनी त्याच शॉपमध्ये दुसऱ्या एकाने टार्गेट गाठायच्या घाईत चालू सेन्सरवर टेप मारली. यावेळी निलंबन झालं आणि मीच त्याची शिफारस केली. युनियनचा प्रतिनिधी आला, भांडला नाही. सेन्सर तपासणीची नोंदवही मागितली, त्या आठवड्याच्या नोंदी आणि सह्या बोट फिरवून वाचल्या, निलंबित माणसाला बाजूला नेऊन काहीतरी बोलला आणि कागद परत देत म्हणाला, "ठीक आहे. आमची हरकत नाही."