सात पत्ते

२३ मार्च २०२०, सोमवार. आदल्या संध्याकाळी इंदूरच्या राजवाड्यावर थाळ्या बडवत गर्दी उसळली होती आणि आता रामबागेत चिटपाखरू नव्हतं. मी दुकानाचं शटर वर केलं, तोच गल्लीतले एक निवृत्त काका समोर उभे.

“हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचे पाच पत्ते दे.”

इंदुरात गोळ्यांच्या पट्टीला आम्ही पत्ताच म्हणतो. पण हे मलेरियाचं आणि संधिवाताचं औषध चिठ्ठीशिवाय मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो. चिठ्ठी विचारली, तर काकांनी मोबाइल पुढे केला. कोरोनावर हे औषध आणि अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मिळून वैद्यकाच्या इतिहासात मोठी उलथापालथ घडवू शकतात, असं शनिवारी अमेरिकेच्या अध्यक्षांनी, ट्रम्प यांनी लिहिलं होतं.

“एवढ्या मोठ्या देशाचा अध्यक्ष उगाच बोलेल का रे?”

मी दोन पत्ते दिले. पाठोपाठ आलेल्या एका बाईंनाही दोन दिले. चिठ्ठीशिवाय द्यायला नकोच होते, चूक माझी. काका गेले आणि मग आठवलं, त्यांच्या हृदयाच्या गोळ्याही माझ्याच दुकानातून जातात. या औषधाने, त्यातही अझिथ्रोमायसिनसोबत घेतलं तर, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. तसाच फोन लावला. “काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका.” ते हो म्हणाले, पण आवाजात नाराजी होती.

फोन ठेवतो न ठेवतो तोच सुदामा नगरच्या ताईंचा आला. त्या शाळेत शिकवतात. त्यांना ल्यूपस आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. नऊ वर्षं त्या याच गोळीवर उभ्या आहेत.

“दादा, माझं महिन्याचं काढून ठेवलंत ना?”

दवा बाजारात, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारात, माझ्या नेहमीच्या माणसाला विचारलं. माल संपला होता, पुढचा कधी येईल ते त्यालाही सांगता येईना. या औषधाचा कच्चा माल आपल्या रतलामला तयार होतो आणि इंदुरात नऊ वर्षं ती घेणाऱ्या रुग्णाला गोळी नाही! उरलेले सात पत्ते मी काउंटरवरून उचलून खणात टाकले.

दुपारी वॉर्डातल्या एका पुढाऱ्याचा माणूस आला. “असतील तेवढे काढा. साहेबांना लोकांत वाटायचेत.” मी नाही म्हटलं. “अहो, आता सरकारनेच सांगितलंय की!” त्याच दिवशी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, सूचना आली होती, हे खरं. मी ती त्याला वाचून दाखवली. कोरोना रुग्णांवर उपचार करणारे, लक्षणं नसलेले आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातली माणसं, एवढ्यांसाठीच ती होती. वॉर्डाचा त्यात उल्लेखही नव्हता. तो ऐकत नव्हता. साहेबांचं नाव दोनदा घेऊन निघून गेला.

तीन दिवसांनी, २६ मार्चला, केंद्राने हे औषध एच-वन यादीत घातलं. रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव नोंदवहीत लिहिल्याशिवाय विक्री बंद. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिसलं, की रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू या औषधाने कमी होत नाहीत. पण सोमवारी दुकानात काकांच्या मोबाइलपुढे ठेवायला माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. ज्याचा पुरावा नाही ते इतक्या ठामपणे कसं बोलवतं, याचा मला आजही संताप येतो.

त्याच सोमवारी रात्री चार पाकिटांवर चार जुन्या रुग्णांची नावं लिहिली. दोन, दोन, दोन आणि एक. ताईंचे दोन पत्ते घेऊन स्वतःच गेलो. त्यांनी दारातच गोळ्या मोजल्या. रोजच्या दोन, म्हणजे दहा दिवस.

मी म्हटलं, “ताई, हे औषध अंगात कित्येक आठवडे राहतं. चार दिवस खंड पडला तरी लगेच घाबरू नका. डॉक्टरांशी मीही बोलतो.”

“आणि चार दिवसांनंतर?” त्यांनी विचारलं.