रेंज फुल्ल, फोन मात्र लागेना

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी आमच्या सदाशिव पेठेतल्या काकूंचा ठरलेला सवाल असतो: "अरे, रेंज फुल्ल दिसतेय, मग फोन का लागत नाही? तुम्ही लोक मुद्दाम बंद करता का?" 'तुम्ही लोक' म्हणजे मी. मोबाईल नेटवर्कच्या ऑप्टिमायझेशनचं काम करतो ना!

काकू, त्या दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय. टॉवरकडे तुमच्यासाठी जागा आहे का, हे त्यांना ठाऊक नसतं.

आणि गंमत म्हणजे कोंडी बोलण्याआधीच होते, जागा मागताना. फोरजीत फोन आधी एक छोटा संकेत पाठवून 'मला घे' म्हणतो. एका सेलमध्ये, म्हणजे टॉवर सांभाळतो त्या एका भागात, असे संकेत 64च. दोन फोनांनी एकाच वेळी एकच उचलला की एकाला तरी मागे फिरावं लागतं. मग थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. लक्ष्मी रोडवर मानाचे गणपती निघालेले असताना किती फोन एकदम मागत असतील, विचार करा. भार फारच वाढला तर टॉवर काही फोनांना थोडा वेळ गप्प बसायला सांगतो. पोलीस, आपत्कालीन सेवा यांच्या सिमसाठी वेगळे वर्ग ठेवता येतात, म्हणून त्यांना वाट मोकळी राहू शकते.

एकदा आत शिरलात की साध्या कॉलचं बरं चालतं. व्होल्टीईत, म्हणजे फोरजीवरून होणाऱ्या साध्या कॉलमध्ये, दर 20 मिलिसेकंदांना आवाजाचं एक पाकीट जातं, बऱ्याचदा सेकंदाला जेमतेम 12.65 किलोबिट, आणि त्याच्यासाठी राखीव वाट असते. व्हॉट्सअ‍ॅप कॉल मात्र ढोलपथकाच्या लाइव्ह व्हिडिओंबरोबर सर्वसाधारण रांगेत. त्यामुळे काकूंचं "थांब, व्हॉट्सअ‍ॅपवर लावते" हे त्या दिवशी उलटंच पडतं.

टूजीतली हाफ-रेटची युक्ती मला अजून आवडते: एका कॉलसाठी ठेवलेल्या वेळेच्या तुकड्यात, म्हणजे एकाच टाइमस्लॉटमध्ये, दोन संभाषणं. आवाज जरा पत्र्यासारखा यायचा, पण फोन लागायचा.

"मग आणखी टॉवर लावा की!" हा काकूंचा पुढचा मुद्दा. चाकांवरचे फिरते टॉवर आणता येतात. पण पेठांत सेल फार जवळ आले की एकमेकांच्या सिग्नलमध्ये लुडबुड करतात. मग अँटेना खाली झुकवायच्या, पॉवर उतरवायची आणि बेलबाग चौकातल्या सेलने मंडईत डोकावू नये एवढं बघत बसायचं.