एक जूनवाले

आमच्या घरात तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो, १ जूनला. आण्णा, काका आणि आत्या. माण तालुक्यातल्या आमच्या गावात अशी घरोघर सापडतील, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोरगं दाखल करायला आणलं की गुरुजी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडायला लावायचे, कान हाताला लागला की झाला सहा वर्षांचा, मग वर्ष मागे मोजायचं आणि पुढे १ जून लिहून मोकळं व्हायचं.

आण्णांचा कान म्हणे लागतच नव्हता. पण १९७३ साल, बहात्तरचा दुष्काळ अजून चालूच होता, आज्जी-आजोबा दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, पोराला ठेवायचं कुठं? गुरुजींनी समजून घेतलं आणि कान लागला. कागदावर जन्म १ जून १९६७. आता सरकारी नोकरीत १ तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायरमेंट, त्यामुळे ३१ मेला राज्यभर शाल-नारळाची नुसती झुंबड उडते, त्यात २०२५ ला आमचे आण्णाही. सगळे भाषणं करतायत आणि आज्जी पहिल्या रांगेतून मोठ्यानं, "अजून नऊ म्हैनं हुतं ह्येचं! कोयनंचा भूकंप झाला तवा ह्यो पोटात हुता, शिमग्याला झालाय."

भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. म्हणजे शिमगा पुढच्या वर्षीचा. हिशोब बरोबर आहे हो, मी दोनदा करून पाहिला. सकाळी गोळी घेतली का ते तिला आठवत नाही आणि हे असलं सगळं जाग्यावर.

आत्या मिलोच्या वर्षातली. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची, तिच्या भाकरीबद्दल आज्जी जे बोलते ते इथे टाईप करता येणार नाही. आत्याला झोळीत टाकून ती खडी फोडायची, कामावर सुकडी मिळायची ती थोरल्याला राखून ठेवायची. काकांनी आत्याचं नावच मिलो पाडलं होतं, अजून चिडते.

माझी पोरगी लॉकडाउनमधली, तिची जन्मवेळ सेकंदासकट मोबाईलमध्ये आहे. आज्जी मात्र तिला कोरोनातली एवढंच म्हणते.

आज्जीच्या स्वतःच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे. ती कशाच्या वर्षातली हे सांगणारं कुणी उरलंच नाही, तिचे थोरले भाऊ गेले आणि ते गेलंच. म्हणजे माणसाचं खरं वय दुसऱ्याकडे ठेवलेलं असतं बहुतेक. उद्या आज्जी नसेल तेव्हा आण्णांचा जन्म खरोखरच १ जूनचा होऊन जाईल, गुरुजी जिंकले.

त्यामुळे सध्या आत्यानं मनावर घेतलंय, आज्जी आहे तोवर आपली तारीख काढायचीच. मोबाईलवर १९७२-७३ चं कॅलेंडर उघडून बसलीय. अवस होती, थंडी होती आणि दुसऱ्या दिवशी कामाचा पगार होता, इथवर दोघींचं जमतं. कार्तिकातली अवस का मार्गशीर्षातली यावर मात्र रोज फोनवर भांडण, आणि काल तर आज्जीनं फोनच ठेवून दिला, म्हणे बाळंतीण मी हुते का तू?